उतरलेलं पाणी : बंदुकीवरचं बिघडलेलं वेल्डिंग घरी का सुधारत नाही

टेबलावर बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलचा एक बोल्ट होता, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दट्ट्या. तो हाताने ओढायचा दांडा मुळाशी तुटला होता आणि मालकाने आदल्या संध्याकाळी तो घरच्या वेल्डिंग मशीनवर जोडला होता. पहिला टाका धरला नाही म्हणून त्यावर दुसरा मारला. तो फुगला म्हणून ग्राइंडर लावून खाली आणला. खाली सुईच्या टोकाएवढी भोकं उघडी पडली, म्हणून पुन्हा भरलं. दांडा जोडला गेला खरा, पण किंचित तिरका, आणि सांध्याभोवती निळसर-करडा पट्टा उमटलेला. दांड्यावर हातोडीचे चार फटके मारून त्याने खात्रीही करून घेतली होती. त्याचं म्हणणं एवढंच होतं की ही भोकं नीट कशी भरायची तेवढं सांगा, बाकीचं मी घरी करतो.

मी बारीक दातांची कानस घेतली आणि तीन जागी हलकेच फिरवून पाहिली. दांड्यावर ती धरली, चमकदार कीस पडला. ते ठीकच होतं. वेल्डच्या अगदी कडेला मात्र ती काचेवरून घसरावी तशी घसरली. तिथून बोटभर पुढे, बोल्टच्या अंगावर, जिथे ती घसरायलाच हवी होती, तिथे ती पुन्हा धरली. म्हणजे चिवट असायला हवं तिथलं पोलाद काचेसारखं झालं होतं, आणि कडक असायला हवं तिथलं मऊ. भोकं हा त्या सांध्याचा सगळ्यात किरकोळ आजार होता.

वेल्डिंग बिघडलं की आपली नजर वेल्डच्या रेघेवर जाते. ती वेडीवाकडी आहे का, तिला भोकं आहेत का, कडेला चर पडलाय का. बंदुकीच्या बाबतीत खरं नुकसान रेघेच्या शेजारी झालेलं असतं. ते नजरेला दिसत नाही आणि वरून कितीही धातू भरला तरी भरून येत नाही.

पाणी देणं म्हणजे काय

लोहार विळा किंवा कुऱ्हाड तापवून पाण्यात बुडवतो, त्याला आपण 'पाणी देणं' म्हणतो. त्या एका शब्दात बंदुकीच्या पोलादाची निम्मी गोष्ट येते.

दोन शिवणाच्या सुया घ्या, एक पकड, गॅसची ज्योत आणि वाटीभर पाणी. डोळ्यांवर चष्मा हवाच. पहिली सुई लालबुंद करा आणि तशीच पाण्यात टाका. आता ती वाकवायला जा, कट्कन तुटेल. दुसरी तितकीच लाल करा, पण ज्योतीतून अगदी सावकाश वर घेत घेत थंड होऊ द्या. ही तारेसारखी वाकेल आणि वाकलेलीच राहील. सुया एकाच पाकिटातल्या, पोलाद एकच, कार्बन तेवढाच. बदलला तो फक्त थंड होण्याचा वेग.

पोलाद म्हणजे लोखंड आणि त्यात थोडासा कार्बन. लोखंडाचे अणू ठरावीक रचनेत उभे असतात. साधारण ७२७ अंश सेल्सिअसच्या वर ही रचना बदलायला लागते, आणि नव्या रचनेत कार्बनचे अणू मध्ये सहज सामावतात. सावकाश थंड केलं तर रचना पहिल्यासारखी होताना कार्बन बाहेर पडतो आणि वेगळा जाऊन बसतो, पोलाद मऊ राहतं. झटकन थंड केलं तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आतच अडकतो आणि सगळी जाळी ताणून धरतो. या ताणलेल्या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात. अडॉल्फ मार्टेन्स या जर्मन संशोधकावरून हे नाव पडलं. ते अतिशय कडक असतं आणि तितकंच ठिसूळ.

म्हणून पाणी दिलेलं पोलाद तसंच वापरत नाहीत. ते पुन्हा बेतानं तापवतात, म्हणजे त्याचा कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. याला टेंपरिंग म्हणतात. उजळ केलेल्या पोलादावर या वेळी रंग चढत जातात. २२० अंशांच्या आसपास गवती पिवळा, २८० ला जांभळा, ३०० ला निळा, आणि त्याहून पुढे करडा. त्या बोल्टवरचा निळसर-करडा पट्टा मला हेच सांगत होता की इथली उष्णता ३०० अंश ओलांडून गेली आहे. भाग बनवताना दिलेलं पाणी तिथे उतरलं होतं.

बंदुकीच्या प्रत्येक भागाचं पाणी वेगळं असतं, आणि ते विचार करून दिलेलं असतं. रायफलच्या नळ्यांसाठी ४१४० नावाचं क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद खूप वापरतात. ते कडकपणाच्या रॉकवेल सी मोजपट्टीवर ३० च्या आसपास ठेवतात, कारण दाब हाताबाहेर गेला तर नळी फुगावी, ताणली जावी, पण तिचे तुकडे उडू नयेत. हेच पोलाद पाणी देऊन तसंच सोडलं तर ५५ च्या वर जातं. अनेक जुन्या रायफलींच्या बोल्टला आणि रिसीव्हरला वरची कातडी कडक आणि गाभा मऊ असं दुहेरी पाणी असतं. रिसीव्हर म्हणजे नळी, बोल्ट आणि चाप यांना एकत्र धरणारा धातूचा सांगाडा. ही कडक कातडी मिलिमीटरच्या अंशाएवढी जाड असते. चापाच्या यंत्रणेत घोडा अडवून धरणारी जी छोटीशी कड असते, तिचं सगळं काम अशाच कातडीवर चालतं. ती कातडी मऊ पडली की कड झिजते. मग एक दिवस बंदूक नुसती आपटली तरी सुटते, चापाला बोट न लावता.

वेल्डिंग पोलादाचं काय करतं

वेल्डिंगची ठिणगी हजारो अंशांची असते आणि पोलाद १५०० अंशांच्या आसपास वितळतं. पण जिथे वितळलं तिथेच उष्णता थांबत नाही. शेजारचा पट्टा १२०० ला जातो, त्याच्या शेजारचा ९०० ला, पुढचा ६००, मग ४००, मग ३००. म्हणजे दोन सेंटीमीटरच्या अंतरात पोलादाची सगळी पुस्तकं एकाच वेळी उघडली जातात. एका पट्टीत नव्याने पाणी बसतं, दुसरीत जुनं पाणी उतरतं, तिसरीत कण फुगून खरबरीत होतात. या सगळ्या भागाला वेल्डर 'हीट-अफेक्टेड झोन' म्हणतात. मी त्याला होरपळलेला पट्टा म्हणेन.

पाण्यात न बुडवताही नव्याने पाणी कसं बसतं? आजूबाजूच्या थंड पोलादामुळे. बोल्ट किंवा रिसीव्हर हा जाड, भरीव तुकडा असतो. त्यावर तुम्ही वाटाण्याएवढा टाका मारता. तेवढीशी उष्णता तो जाड तुकडा काही क्षणांत शोषून घेतो, बादलीभर पाण्याने शोषावी तशी. म्हणून 'छोटासाच टाका मारलाय, फार तापवलं नाही' हे वाक्य ऐकलं की मला जास्त काळजी वाटते. जाड कार्बन पोलादावर सगळ्यात वाईट गोष्ट असते ती हा छोटा, गार अंगावर मारलेला टाका.

खिडकीच्या जाळ्या आणि फाटकं वेल्ड करणाऱ्याला हे कधी जाणवत नाही, कारण त्याचं पोलाद वेगळं असतं. वेल्डिंगला पोलाद कितपत रुसेल हे मोजण्यासाठी एक साधा हिशेब आहे, त्याला कार्बन तुल्यांक म्हणतात. कार्बनची टक्केवारी घ्यायची, त्यात मँगेनीजचा सहावा हिस्सा मिळवायचा, क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियमच्या बेरजेचा पाचवा हिस्सा, निकेल आणि तांब्याचा पंधरावा. जाळीच्या साध्या पोलादाचं उत्तर ०.३ च्या आसपास येतं. ०.४५ च्या पुढे गेलं की वेल्डर सावध होतो, आधी तुकडा तापवून घेतो. ४१४० चं उत्तर ०.७५ च्या घरात जातं. दहा वर्षं फाटकं जोडलेला हातही या पोलादावर नवखाच असतो, आणि यात त्या हाताचा काही कमीपणा नाही.

मग आधी तापवूनच का घेऊ नये? कारखान्यात कच्च्या ४१४० वर तसंच करतात, तुकडा २०० ते ३०० अंशांवर नेऊन मग वेल्ड करतात आणि नंतर झाकून सावकाश थंड करतात. पण बंदुकीचा भाग कच्चा नसतो. त्याची कडक कातडी बहुधा २०० अंशांच्या खालीच टेंपर केलेली असते. ती ३०० वर नेली की पाणी उतरलं. तापवावं तर कातडी जाते, न तापवावं तर तडा जातो. इकडे आड, तिकडे विहीर. घरच्या टॉर्चने या दोहोंमधून वाट काढता येत नाही.

दोन दिवसांनी जाणारा तडा

त्या बोल्टवर मी त्याच दिवशी डाय-पेनेट्रंट तपासणी केली. ही तपासणी समजायला सोपी आणि बघायला फार बोलकी आहे. भाग स्वच्छ पुसायचा, त्यावर लाल रंगाचा पातळ द्रव लावायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. द्रव बारीकशा भेगेतसुद्धा शिरतो. मग वरचा रंग पूर्ण पुसून टाकायचा आणि खडूसारख्या पांढऱ्या भुकटीचा फवारा मारायचा. भेगेत लपलेला रंग भुकटी ओढून घेते आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पहिल्या दिवशी भोकांच्या जागी लाल ठिपके आले, बाकी काही नाही. तो बोल्ट मी तसाच ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी तीच तपासणी पुन्हा केली, तेव्हा वेल्डच्या कडेला, कानस जिथे घसरली होती बरोबर तिथे, केसासारखी लाल रेघ होती. सुमारे सहा मिलिमीटर लांब. मधल्या काळात त्या बोल्टला कुणी हातही लावला नव्हता.

हे हायड्रोजनचं काम. वेल्डिंगच्या रॉडच्या आवरणातला ओलावा, भागावर राहिलेलं तेल, गंज, रंग, या सगळ्यांत हायड्रोजन असतो. ठिणगीच्या उष्णतेत तो सुटा होतो आणि वितळलेल्या धातूत विरघळतो. धातू थंड झाला की त्याला आत जागा राहत नाही. हायड्रोजनचा अणू फारच लहान, तो घट्ट पोलादातूनही सरकत सरकत ताण असलेल्या जागी जमा होतो. तिथे मार्टेन्साइट असेल, म्हणजे पोलाद ठिसूळ असेल, तर ते उकलतं. ठिसूळ पोलाद, ताण आणि हायड्रोजन, या तिघांची गाठ पडायला काही तास लागतात, कधी दोन दिवसही. म्हणूनच मोठ्या कामांत अशा पोलादावरच्या वेल्डची शेवटची तपासणी ४८ तास थांबून करण्याची पद्धत आहे. आणि म्हणूनच वेल्डनंतर लगेच मारलेल्या हातोडीच्या फटक्यांना काही अर्थ नसतो. फटके मारले तेव्हा तडा गेलेलाच नव्हता.

बंदूक ही वर्षानुवर्षं तेल पीत आलेली वस्तू आहे. पुसून कोरडी केली तरी सांध्यांत, पेचांत, खरवडलेल्या पृष्ठभागात तेल असतंच. आणि घरी महिनोन्‌महिने उघड्या पुड्यात पडलेला रॉड हवेतला ओलावा शोषून बसलेला असतो. जबाबदारीच्या कामाला वेल्डर कमी-हायड्रोजनचे रॉड गरम पेटीत ठेवतात, ते उगीच नाही.

तेल काढायचं म्हणून कुणी ब्रेक साफ करायचा स्प्रे मारतो, तर तो फारच धोक्याचा. अशा काही स्प्रेंमध्ये क्लोरीन असलेलं द्रावण असतं. त्याचा थोडा जरी अंश उरला आणि त्यावर वेल्डिंगची ठिणगी पडली, तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. फुप्फुसांवर त्याचा परिणाम कित्येक तासांनी दिसतो, त्यामुळे माणूस गाफील राहतो. काही जुन्या भागांवर कॅडमियमचा मुलामा असतो, त्याचा धूरही जीवघेणा आहे.

पुन्हा भरलं तर?

बिघडलेला वेल्ड ग्राइंडरने काढून नव्याने भरणं हा सरळ उपाय वाटतो, पण दर खेपेला होरपळलेला पट्टा आणखी रुंद होतो. पहिल्या वेल्डने जिथे पाणी उतरवलं त्याच्या पलीकडच्या चांगल्या पोलादाचं पाणी दुसरा वेल्ड उतरवतो. त्यात ग्राइंडरचा एक वाईट गुण असा की तो मऊ धातू फासतो. बारीक भेगेच्या तोंडावर धातू ओढला जातो, भेग झाकली जाते, वर आरशासारखी लकाकी येते आणि मग लाल द्रवालाही आत शिरायला वाट राहत नाही. गुळगुळीत केलेला वाईट वेल्ड हा खडबडीत वाईट वेल्डपेक्षा जास्त फसवा असतो. म्हणून सांगतो, वेल्ड बिघडला असेल तर त्याला ग्राइंडर लावू नका. तो जसा आहे तसाच तपासणाऱ्याच्या हातात गेला पाहिजे.

आता मापाचं बघू. पोलाद तापलं की वाढतं आणि निवलं की आक्रसतं. दहा सेंटीमीटरचा तुकडा ५०० अंशांनी तापला तर ०.६ मिलिमीटर वाढतो. वेल्डिंगमध्ये एकच बाजू तापते, तीच नंतर आक्रसते आणि तुकड्याला आपल्याकडे ओढते. त्या बोल्टचा दांडा तिरका झाला तो असा. दांडा तिरका असला तर काही बिघडत नाही, पण तीच ओढ बोल्टच्या अंगाला किंवा रिसीव्हरला बसली तर हेडस्पेस बिघडतो. बोल्टचं तोंड आणि चेंबरमधली (नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची पोकळी) काडतूस टेकण्याची जागा, यांच्यातलं अंतर म्हणजे हेडस्पेस. .३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसासाठी 'चालेल' आणि 'चालणार नाही' या दोन गेजमधला, म्हणजे मापाच्या ठोकळ्यांमधला, फरक इंचाच्या हजाराव्या भागाच्या चौपट आहे, म्हणजे ०.१ मिलिमीटर. डोक्यावरचा केस जेमतेम त्याहून बारीक असतो. हे अंतर वाढलं तर काडतुसाच्या पितळी नळकांड्याला मागून आधार राहत नाही, ते ताणून फाटतं आणि तापलेला वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येतो.

हा वायू किती जोराचा असतो? गाडीच्या टायरमध्ये दर चौरस इंचाला तीस-पस्तीस पौंड दाब असतो. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसाला अमेरिकन मानकात ११,५०० ची मर्यादा आहे, .३०८ विंचेस्टरला ६२,००० ची. एका गोळीला बोल्टच्या तोंडावर काही टनांचा रेटा बसतो आणि तो बोल्टच्या दोन-तीन छोट्या खुंट्यांवर तोलला जातो. अनेक .२२ रायफलींमध्ये तर दांड्याचं मूळ हीच कुलूप लावणारी खुंटी असते. तिथे 'फक्त दांडा जोडलाय' असं म्हणायची सोयच नाही.

डोळ्यांनी उष्णता मापणारे

अनुभवी माणूस रंगावरून उष्णता ओळखतो, असं कुणी म्हणेल. ओळखतो, पण किती अचूक, याची एक मोठी आणि खरी गोष्ट आहे.

अमेरिकन सैन्याची मॉडेल १९०३ रायफल स्प्रिंगफील्ड आर्मरी आणि रॉक आयलंड आर्सेनल इथे बनत असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, काही रायफलींचे रिसीव्हर फुटले. तपास केल्यावर कळलं की घडाईच्या वेळी पोलाद जास्त तापून जळलं होतं. भट्टीवरचे कारागीर नवशिके नव्हते. ते तापलेल्या लोखंडाचा रंग बघून 'आता बरोबर' ठरवत, वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं. तपमापक लावून पाहिलं तेव्हा दिसलं की लख्ख उन्हाच्या दिवशी त्यांना जी उष्णता 'बरोबर' वाटायची, ती ढगाळ दिवसापेक्षा ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे १६५ सेल्सिअसने जास्त असायची. उजेडात लाल रंग फिका दिसतो, मग हात आणखी तापवतो. एवढंच कारण.

त्यानंतर तपमापक बसले आणि दुहेरी पाणी द्यायची पद्धत आली. आधीच बनलेल्या रायफलींचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच. स्प्रिंगफील्डच्या ८,००,००० च्या आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ च्या खालच्या क्रमांकांच्या रायफलींवर संशयाचा शिक्का बसला तो कायमचा. पुन्हा पाणी देऊन त्या सुधारता येतील का, हेही पाहिलं गेलं. जळलेलं पोलाद पुन्हा पाणी देऊन भरवशाचं होत नाही, असंच दिसलं. एवढी मोठी सरकारी यंत्रणा, भट्ट्या, प्रयोगशाळा आणि निष्णात माणसं असताना उत्तर 'सुधारणं' हे नव्हतं, 'बदलणं' हे होतं. हा इतिहास वाचला तेव्हापासून मी रंगावर भिस्त ठेवणं सोडलं.

पण पूर्वी तर नळ्याच वेल्डच्या होत्या

हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो खोटा नाही. जुन्या दमास्कस नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गजाभोवती गुंडाळून, ऐरणीवर ठोकून जोडलेल्या असत. अख्खी नळी म्हणजे एक लांबच लांब सांधा. त्या काळच्या काळ्या दारूचा दाब कमी, म्हणून त्या चालल्या. तरीही फुटायच्या. त्याच धाकातून नळी विकण्याआधी तपासायची रीत आली. लंडनच्या बंदूक कारागिरांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ मध्ये कायद्याने उभं राहिलं. ठरलेल्यापेक्षा जास्त दाबाचं काडतूस भरायचं, माणसाने आडोशाला राहून दुरून चाप ओढायचा, नंतर नळी मोजायची आणि टिकली तरच ठप्पा मारायचा. आजही प्रूफच्या काडतुसाचा दाब नेहमीच्या कमाल दाबापेक्षा निदान पंचवीस टक्के जास्त ठेवतात.

म्हणजे वेल्ड केलेली नळी चालायची ती कुणीतरी तिची परीक्षा घेतल्यावर. दाब झेलणाऱ्या भागावर वेल्डिंग झालं की जुन्या ठप्प्याला अर्थ राहत नाही, कारण ठप्पा ज्या पोलादाला मिळाला होता ते पोलाद आता तिथे नाही. दुनळीच्या बाबतीत आणखी एक भानगड असते. दोन नळ्या आणि मधली पट्टी अनेकदा डाख देऊन जोडलेली असते. तो डाख २०० अंशांच्या आगेमागे वितळतो. पुढच्या माशीजवळ एक टाका मारला की हातभर लांब सांधा आतून सुटू शकतो, आणि वरून पत्ताही लागत नाही.

आता हातात बिघडलेला वेल्ड आहे, तर

बंदूक रिकामी करा. चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा, नळकांडी मॅगझिन असेल तर तेही. हे सांगावं लागतं, कारण माणसाचं लक्ष वेल्डवर असतं. मग ती वापरातून काढा. 'एकदा हलकं काडतूस मारून बघतो' असं करू नका. ठिसूळ पोलाद आधी वाकून सूचना देत नाही.

पुढचा प्रश्न एकच, वेल्ड कुठे आहे. नळी, चेंबर, बोल्ट, रिसीव्हरचा तो भाग जिथे बोल्टच्या खुंट्या अडकतात, यांच्यावर किंवा यांच्यापासून दोन-तीन सेंटीमीटरच्या आत असेल, तर माझ्या मते तो भाग गेला असं धरा. घोडा, चाप आणि सेफ्टीच्या भागांचंही तेच. हे भाग लहान असतात आणि बहुतेकदा नवीन मिळतात. एका छोट्या भागासाठी बंदुकीवरचा भरवसा पणाला लावण्यात काही हशील नाही. दस्त्याच्या मागची पट्टी, चापाभोवतीची कडी, पट्टा अडकवायची कडी, अशा दाब न झेलणाऱ्या गोष्टींचा वेल्ड बिघडला असेल तर तो चांगल्या वेल्डरच्या हातून दुरुस्त होऊ शकतो, पण भाग बंदुकीवरून पूर्ण सोडवून.

धातू कोणता हेही बघावं लागतं. स्टेनलेसच्या बऱ्याच नळ्या ४१६ च्या असतात. कापायला सोपं जावं म्हणून त्यात गंधक घातलेलं असतं, आणि गंधकामुळे वेल्ड गरम असतानाच उकलतो. अ‍ॅल्युमिनियमचे रिसीव्हर अनेकदा ७०७५ चे असतात. हा मिश्रधातू विमानांसाठी उत्तम, वेल्डिंगसाठी अतिशय नाठाळ. त्याची ताकद १२० अंशांवर चोवीस तास ठेवून आणलेली असते, टॉर्चच्या एका फेरीत ती जाते. शिवाय अ‍ॅल्युमिनियम लाल होत नाही, डोळ्यांना काही कळायच्या आत ढासळतं.

आणखी एक प्रकार आहे, तो वेगळाच समजावा. जो वेल्ड बंदूक कायमची निकामी करण्यासाठी मुद्दाम मारलेला असतो, तो काढणं किंवा 'सुधारणं' याला दुरुस्ती म्हणत नाहीत, तो बऱ्याच देशांत गंभीर गुन्हा आहे. अनेक ठिकाणी साध्या दुरुस्तीलाही परवाना असलेला कारागीरच लागतो. तेव्हा हत्यार घेऊन फिरण्याआधी आपल्याकडचा नियम विचारून घ्या.

कसलेला गनस्मिथ, म्हणजे बंदूक दुरुस्त करणारा कारागीर, दांडा जोडतो तेव्हा तो काय वेगळं करतो, हे मी जवळून पाहिलंय. बोल्ट पूर्ण सोडवलेला असतो, आतली स्प्रिंग आणि काडतुसावर आपटणारी फायरिंग पिन बाहेर. बोल्टच्या पोटात पेचाचा जाड ठोकळा घट्ट बसवलेला, खुंट्यांभोवती उष्णता शोषणारी पेस्ट थापलेली. टिग या नेमक्या जागी तापवणाऱ्या वेल्डिंगची बारीक ठिणगी, दोन सेकंद वेल्ड, मग थांबा. तो दर वेळी बोल्टच्या अंगावर बोट टेकवून बघत होता. बोट टेकवत नाही इतकं गरम झालं की काम बंद. अख्ख्या कामात वेल्डिंग दोन मिनिटांचं आणि थांबणं अर्ध्या तासाचं होतं. त्याआधी त्याने पोलाद कोणतं ते ओळखलं होतं, आणि नंतर कडकपणा मोजला, मॅग्नेटिक पार्टिकलने, म्हणजे चुंबक आणि लोखंडी भुकटीने, भेगा बघितल्या, हेडस्पेसचे गेज लावले. यातलं एकही पाऊल घरी होत नाही.

त्याच्याकडे जाताना एक चिठ्ठी लिहून भागाला दोऱ्याने बांधा. कोणता रॉड किंवा कोणती तार वापरली, मशीन किती अँपिअरवर होतं, किती वेळा भरलं, मध्ये ग्राइंडर किती वेळा लावला, पाण्यात बुडवलं होतं का, कोणत्या स्प्रेने पुसलं, वेल्ड कोणत्या दिवशी केला आणि त्यानंतर गोळी झाडली का. लाजून यातलं काही लपवू नका. 'पाण्यात बुडवलं' हे दोन शब्द गाळले, तर समोरचा माणूस चुकीच्या जागी भेग शोधत बसतो.